नक्षीचे पैसे वेगळे

"मशीनवरच तर शिवणार, मग एवढे पैसे कसले?" गोधडीचा दर सांगितला की बहुतेक जणी हे विचारतातच. विचारणारी बाई चिकट असते असं नाही. आईच्या साड्यांची घडी तिने माझ्यासमोर ठेवलेली असते, बोलताना तिचा गळा दाटलेला असतो. तरी शिवायचं काम मशीन करणार, म्हणजे ते जवळजवळ फुकटातलं, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं असतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. गिऱ्हाइकाने सांगितलेली नक्षी काढून गोधडी मशीनवर शिवायची असेल, तर त्यात मशीनचं काम सगळ्यांत थोडं. पैसे लागतात ते नक्षीला. ते बिलावर वेगळे लिहिले पाहिजेत, शिवणारीने ते न लाजता मागितले पाहिजेत आणि शिवून घेणाऱ्यांनी कुरकुर न करता दिले पाहिजेत.

मी इचलकरंजीची. गावात मागांचा खडखडाट रात्रंदिवस, त्यामुळे अस्तराचं सुती कापड दारात मिळतं. आधी ब्लाउज शिवायचे, मग परकर-पोलकी, फॉल-पिको. गोधड्यांकडे वळले ते गिऱ्हाइकांमुळे. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि पूर्वी ती पैसे देऊन शिवून घ्यायची वस्तूच नव्हती. दुपारची भांडी झाली की सासू-सुना, शेजारणी अंगणात जुनेर पसरून बसायच्या आणि चार-आठ दुपारींत वाकळ उभी राहायची. आता फ्लॅटमध्ये वाकळ पसरायला जागा नाही आणि दुपारी घरात कुणी नसतं. पण आईच्या साड्या टाकवत नाहीत. म्हणून त्या माझ्याकडे येतात.

माझ्याकडे दोन तऱ्हेची कामं असतात. एक साधी उभी-आडवी शिलाई, चौकटीची. डबल बेडच्या मापाला त्याचे मी १२०० ते १५०० रुपये घेते आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. दुसरं काम गिऱ्हाइकाच्या मनातल्या नक्षीचं. कुणाला आजीच्या पाटल्यांवरची वेल हवी असते, कुणाला गावच्या वाड्याच्या चौकटीवरचं कोरीवकाम. अमेरिकेत बाळंत होणाऱ्या लेकीसाठी एकीला दुपट्यावर ओळीने चिमण्या हव्या होत्या. अशा कामाला नक्षीचे दीड हजार वेगळे सांगितले की वरचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर दुकानात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर देते.

एका गिऱ्हाइकाचं उदाहरण घेते. ताई निवृत्त शिक्षिका. आईच्या साड्यांबरोबर त्यांनी आईची रांगोळीची वही आणली होती. चौकटीच्या कागदाची, कडा कुरतडलेली वही. पानोपानी ठिपके, आणि शेवटी चैत्रांगणाची पानं. "आईची रांगोळी आईच्या साड्यांवर उमटू दे," एवढंच त्यांचं मागणं. ऐकायला सोपं वाटतं. पहिली अडचण नक्षी निवडतानाच आली. चैत्रांगणात गोपद्म असतात, लक्ष्मीची पावलं असतात, स्वस्तिक, शंख, चक्र, गदा. मी ताईंना विचारलं, "हे अंथरुणात घ्यायचं का? पाय लागणार." त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पाऊण तास आम्ही वही चाळत बसलो. देवाची चिन्हं बाजूला ठेवली. कमळ, वेल आणि ठिपक्यांची जाळी ठेवली. या पाऊण तासात मशीनला वीजही लागली नाही, पण वाकळ कशी होणार ते इथेच ठरलं.

मग कमळ. रांगोळीत आठ पाकळ्यांचं कमळ काढायचं तर सगळ्या पाकळ्या मधल्या ठिपक्यात येऊन मिळतात. रांगोळीला त्याचं काही नाही, चिमूट उचलली की रेघ थांबते. सुईचं तसं नाही. आठ पाकळ्या एकाच ठिपक्यातून गेल्या तर सुई तिथे आठदा येते आणि आठदा जाते. दोऱ्याची गाठ साठते, खाली हाताला खडा लागतो, आणि वीस-तीस वर्षं धुतलेल्या सुती साडीला त्याच जागी भोक पडतं. म्हणून मी मधला ठिपका उघडते. तिथे रुपयाएवढं वर्तुळ घेते आणि पाकळ्यांची टोकं त्या वर्तुळाच्या काठावर आणते, शेजारच्या दोन पाकळ्या एका बिंदूवर. बघणाऱ्याला कमळ तेच दिसतं. कापड मात्र वाचतं.

यापुढचा भाग जास्त अवघड. मशीनवर नक्षी शिवायची तर रेघ शक्यतो एकसंध हवी. जितक्या वेळा दोरा तोडाल तितक्या गाठी, तितकी टोकं आत लपवायची, आणि धुण्यात तितक्या जागी शिलाई उसवायची भीती. लहानपणी पाटीवर पेन्सिल न उचलता घर काढायचं कोडं सगळ्यांनीच सोडवलंय. माझं काम म्हणजे तेच कोडं नव्वद बाय शंभर इंचांवर सोडवणं. या कोड्याचं गणित ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ साली क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांवरून मांडलं. सातही पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा तो प्रश्न होता. उत्तर आलं की येणार नाही. जिथे रेघा मिळतात अशा जागा बघायच्या. विषम रेघा मिळणाऱ्या जागा एकही नसतील किंवा फक्त दोन असतील, तरच हात न उचलता चित्र पुरं होतं.

माझ्या कमळात वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूशी चार रेघा मिळतात, दोन पाकळ्यांच्या आणि दोन वर्तुळाच्या. चार म्हणजे सम. कमळ एका रेघेत होतं. पण सगळ्या जागा सम असल्या की सुई जिथून शिरते तिथेच परत येते. ताईंच्या वहीत वेल कमळाच्या खालून शिरून वरून बाहेर पडत होती. तशी शिवायला गेले असते तर सुई खालीच परत येऊन अडकली असती. वर पोचायचं तर अर्ध्या पाकळ्यांवरून दुसऱ्यांदा टाके घालायला हवेत. दुबार शिलाई कितीही जपून केली तरी दिसते, आणि ती नक्षी जाडसर, ओबडधोबड वाटते. म्हणून वेल मी कमळांच्या खालून पुढे नेली. प्रत्येक कमळ वेलीतून एका बिंदूवर फुटतं, पुरं होतं आणि सुईला परत वेलीवर आणून सोडतं. अशी एक ओळ संपली की वेल काठाशी वळून दुसऱ्या ओळीत येते. ताई म्हणाल्या, आई काढायची तशीच आहे. ती तशीच दिसावी यासाठी ती मुळापासून बदलली होती.

हे कागदावर जमलं की खाका करायचा. जरीकामवाले करतात तसाच. ट्रेसिंग पेपरवर नक्षी पुऱ्या मापात उतरवायची, रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं टोचत जायचं, कागद कापडावर ठेवून वरून पावडरची पोटली फिरवायची. भोकांतून ठिपके खाली उतरतात. जरीवाले पावडर रॉकेलमध्ये कालवून फिरवतात. तो वास अंथरुणाला नको म्हणून मी कोरडी खडूची पूडच वापरते. ती हात लागला तरी पुसली जाते. त्यामुळे सगळी वाकळ एकदम छापता येत नाही. जेवढी शिवायची तेवढीच छापायची, मग पुढचा तुकडा. फिक्या साडीवर नीळ घेतली तर ठिपके स्पष्ट दिसतात पण डाग राहतो, म्हणून तिथे हाताने पेन्सिल.

कापडाचंही ऐकावं लागतं. साडी आडवी-उभी ताणून बघायची, उजेडासमोर धरायची. विरलेला भाग आत जातो, टिकाऊ भाग वर येतो. जुन्या जरीचे काठ दोरा कापतात, म्हणून ते उसवून घ्यायचे आणि शेवटी कडेला गोटासारखे लावायचे. आत साड्यांचे चार-पाच थर. ते सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके. नक्षीत मोकळी जागा चार बोटांहून जास्त राहिली तर दोन धुण्यांत आतले थर गोळा होतात. उलट शिलाई फार दाट झाली तर वाकळ ताठ होते, अंगाला लपेटत नाही. पांघरूण म्हणजे अंगाला लपेटणारी वस्तू, भिंतीवर लावायचं चित्र नव्हे. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं त्यातल्या निम्म्या नक्ष्या इथेच बाद होतात. आणि शिवायला सुरुवात मधूनच करायची, बाहेरच्या बाजूला जायचं. कडेकडून आत आलात तर मध्ये झोल साठतो आणि चुण्या पडतात.

आता मशीनचा हिशेब. नव्वद बाय शंभर इंच म्हणजे नऊ हजार चौरस इंच. शिलाईच्या रेघा सरासरी दीड इंच अंतरावर धरल्या तर एकूण रेघ भरते सहा हजार इंच, म्हणजे पाचशे फूट, दीडशे मीटरहून थोडी जास्त. इंचाला आठ टाके धरले तर अठ्ठेचाळीस हजार टाके. मशीनचे खालचे दाते उतरवून, अडीच-तीन किलोचं ओझं दोन्ही हातांनी फिरवत नक्षी काढताना मिनिटाला आठशे टाके हा बेताचा वेग झाला. भागाकार करा. सुई निव्वळ चालते ती एक तास. बाकी सगळा वेळ निवडण्याचा, मोजण्याचा, खाका टोचण्याचा, थर लावण्याचा, कच्चे टाके घालण्याचा, थांबून वाकळ वळवण्याचा. मशीनने काम केलं असं ज्यांना वाटतं त्यांनी मशीनच्या तासाचे पैसे द्यावेत, माझी हरकत नाही. उरलेल्या दिवसांचे पैसे मात्र माणसाला द्यावे लागतील.

गोधडीला किंमत नसते ही आपली समजूत कुठून आली तेही सांगते. ती घरात बायका शिवायच्या आणि घरातल्या बायकांच्या वेळेला आपण कधी पैसा लावला नाही. कापड जुनं, वेळ फुकट, दोरा तेवढा विकतचा. म्हणून गोधडी 'फुकट'. ती कधीच फुकट नव्हती. तिचं बिल कुणी मांडलं नव्हतं एवढंच. आज तेच काम बाहेर करायला दिलं की पहिल्यांदा बिल दिसतं आणि धक्का बसतो.

जगात इतरांनीही हा वाद घातला आहे. अमेरिकेत गोधडीचा, त्यांच्या क्विल्टचा, मोठा शौक आहे. तिथे बऱ्याच जणी वरचं ठिगळकाम घरी जोडतात आणि थर शिवून घ्यायला दुसरीकडे देतात. ज्यांच्याकडे देतात त्यांच्याकडे लांब हाताचं मशीन असतं. दहा-बारा फुटी चौकटीवर गोधडी रुळांवर ताणलेली, आणि तिच्यावर मशीनच पुढेमागे, डावीकडे-उजवीकडे फिरतं. आमच्याकडे कापड फिरतं, तिकडे मशीन. तयार नक्षीचा कागदी पट्टा खाली ठेवून त्यावरून खूण फिरवत नेली की वर तीच नक्षी शिवली जाते. आता तर संगणकात नक्षी भरली की मशीन आपलं आपण चालतं. तरीही दर बघा. तो चौरस इंचावर असतो. सगळीकडे एकच तयार नक्षी असेल तर इंचाला काही सेंट, आणि गोधडी बघून तिच्यासाठीच काढलेली नक्षी असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त. मशीन तेच, दोरा तोच. फरक डोक्याच्या कामाचा, आणि तो फरक तिथल्या दरपत्रकात उघड लिहिलेला असतो.

हा मान त्यांनाही बसल्याजागी मिळाला नाही. मशीनची शिलाई म्हणजे खरी क्विल्ट नव्हेच, असं म्हणणाऱ्या तिथेही होत्या. केंटकी राज्यातल्या पडुका गावी दरवर्षी क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं. १९८९ साली तिथला सर्वोच्च पुरस्कार कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या खग्रास सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला मिळाला. ती मशीनवर शिवलेली होती, आणि मशीनच्या शिलाईला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यावर बरीच खळखळ झाली. पण हात आणि मशीन यांची सरमिसळ तिथे त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून होती. घरात विजेची तार येऊ न देणाऱ्या अमिश बायका तुकडे जोडायला पायाचं मशीन वापरत आल्या आहेत. वरची शिलाई हाताने. आणि गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची १८८६च्या सुमाराची बायबलच्या गोष्टींची क्विल्ट, जी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तीही हात आणि मशीन अशा दोन्ही टाक्यांची आहे. ती बघून संग्रहालयात कुणी म्हणत नाही की मशीनवरच तर शिवलीय. पॉवर्स यांना मात्र तिचे दहा डॉलर मागून पाचच मिळाले होते. गरज होती म्हणून त्यांनी दिली.

आपल्याकडे यंत्र म्हटलं की कुणीतरी गांधीजींचं नाव घेतं. त्यांनी ते जरूर घ्यावं. १९२४ साली 'यंग इंडिया'त आलेल्या एका संवादात त्यांना विचारलं गेलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. त्यांनी अपवाद केला तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी बनवलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगर पक्का धंदेवाला होता आणि १८५१च्या त्याच्या पेटंटच्या आधी, १८४६ साली, इलायस हाउने पेटंट घेतलेलं होतं. पण ते सोडा. मुद्दा असा की चरख्यावर सूत काता म्हणणाऱ्या माणसालाही शिवणयंत्रात माणसाचा शत्रू दिसला नाही.

याचा अर्थ हातशिलाई आणि मशीनशिलाई एकच, असं मी म्हणत नाही. अजिबात नाही. हाताच्या धावदोऱ्याची वाकळ मऊ पडते, कारण टाका सैल असतो, एकाच दोऱ्याचा असतो, कापडाला हलायला वाव देतो. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा आणि बॉबिनचा. तो घट्ट बसतो, जास्त धुणी सोसतो, पण मऊपणात हाताला हरतो. हातशिलाईला लागणारे दिवस बघता तिचा दर माझ्या कितीतरी पट हवा. पुण्या-कोल्हापुरात कॉलनीतल्या झाडाखाली, फुटपाथच्या कडेला बसून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याशी लोक ज्या भावाने घासाघीस करतात ते ऐकवत नाही. माझ्या मशीनमुळे त्यांची काही गिऱ्हाइकं माझ्याकडे आली हेही खरं. त्याला उपाय एकच. दोन्ही मालांची नावं वेगळी, दर वेगळे, आणि कुणीही दुसऱ्याचं नाव आपल्या मालाला लावायचं नाही.

इथेच सगळा घोळ होतो. प्रदर्शनांत आणि मोठ्या दुकानांत मशीनच्या गोधड्या सर्रास 'हातशिलाई' म्हणून विकल्या जातात. का? कारण मशीन म्हटलं की गिऱ्हाईक निम्मा दर मागतं. खोटं बोलायला गिऱ्हाइकाचा हट्टच भाग पाडतो, हे दुकानदाराचं म्हणणं मला मान्य नाही, पण खोट्याला बाजार कुठून मिळतो ते यावरून कळतं. मी एका दुकानाला वाकळा देत होते. चिठ्ठीवर 'मशीन शिलाई, नक्षी खास' असं लिहून द्यायचे. तिथे गेलेल्या माझ्याच एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की चिठ्ठ्या बदलल्यात, त्यावर 'पारंपरिक हातकाम' लिहिलंय आणि दर तिप्पट आहे. मी माल देणं बंद केलं. पुढच्या हंगामात माझीच वेल दुसऱ्याकडून करवून घेतलेली त्यांच्या काचेत दिसली. त्यात कमळाच्या वरून वेल काढलेली आणि अर्ध्या पाकळ्या दुबार शिवलेल्या होत्या. नक्षी बघून उचलता येते. ती तशी का आहे, हे उचलता येत नाही.

म्हणून ओळखायचं कसं ते सांगून ठेवते. गोधडी उलटी करा. रेघेत टाक्याला टाका लागून सलग दिसला, दोन्ही बाजूंनी सारखा, तर मशीन. टाका, मग रिकामी जागा, मग टाका, आणि अंतर थोडं कमीजास्त, तर हात. आता हाताच्या टाक्यासारखा तुटक टाका घालणारी मशीनंही निघाली आहेत. त्यांचा टाका मैलभर गेला तरी अंतर तसूभर बदलत नाही. माणसाचा हात दुपारी थकतो आणि ते रेघेत दिसतं.

नक्षी कुणाची, हा प्रश्नही यातूनच येतो. ताईंच्या आईच्या वहीतली रांगोळी त्यांच्या घरची. ती बदलून शिवण्याजोगी करण्याचं डोकं माझं. माझा नियम असा आहे की घरची वस्तू देऊन काढून घेतलेली नक्षी मी दुसऱ्या कुणाला शिवून देत नाही. खाका त्या गिऱ्हाइकाच्या नावाच्या पाकिटात राहतो आणि मागितला तर वाकळेबरोबर देऊन टाकते. आणि कुणी दुसऱ्या शिवणारीच्या पानावरचा फोटो आणून 'डिट्टो असंच' म्हटलं, तर मी ते काम घेत नाही. नक्षीचे पैसे मागायचे तर दुसरीची नक्षी फुकट उचलायची नाही. या दोन गोष्टी एकमेकींशिवाय चालत नाहीत.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत दर्जीचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. म्हणजे मशीनवर बसणारा माणूस कारागीरच, हे सरकारने कागदावर मान्य केलं आहे. मग शिवणकलेच्या वर्गांत ब्लाउजच्या कटिंगच्या पुढे जाऊन खाका कसा करायचा, नक्षीची रेघ एकसंध कशी बांधायची, तिचा दर कसा काढायचा, हे शिकवायला काय हरकत आहे? बंगालच्या नक्षी कांथ्याला आणि बिहारच्या सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं, कारण तिथे कुणीतरी बसून त्या कामाची नीट नोंद केली. आमच्या वाकळेची, तिच्या हाताच्या आणि मशीनच्या अशा दोन्ही रूपांची, तशीच नीट नोंद व्हायला हवी. महिला बचतगटांच्या प्रदर्शनांत प्रत्येक गोधडीवर शिलाई कशाची आणि नक्षी कुणाची हे लिहिणं बंधनकारक केलं, तर त्याला एक पैसाही खर्च नाही.

एवढ्या कटकटीपेक्षा दुकानातली तयार रजई घ्यावी, असं कुणी म्हणेल. घ्या की. ती स्वस्त असते, हलकी असते, आणि तिच्यावरची नक्षी अनेक सुयांच्या कारखानी मशीनवर एका झटक्यात शिवलेली असते. थंडीत ऊब देते, तिचं काम ती चोख करते. पण मग तिच्यावर तुमच्या आईची वेल असावी, असं म्हणू नका. वेल हवी असेल तर ती कुणालातरी बसून काढावी लागणार, आणि ते कुणीतरी पोट असलेलं माणूस आहे.

शिवणाऱ्या बायांना माझं सांगणं असं. बिलाच्या कागदावर तीन ओळी करा: शिलाई, साहित्य, नक्षी. नक्षीच्या ओळीत शून्य लिहू नका, ओळखीची असली तरी. सवलत द्यायची तर पूर्ण रक्कम लिहून खाली वजा करा, म्हणजे आपण काय सोडलं ते दोघींनाही दिसेल. आणि 'मशीन शिलाई' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा.

साड्या घेऊन येणाऱ्यांना सांगणं असं. येताना नक्षीची कल्पना आणा, फोटो आणा, वही आणा, पण वेळही घेऊन या. शिवणारीला विचारा की रेघ कुठून सुरू होणार, दोरा किती जागी तुटणार, मोकळी जागा किती सोडणार. जिला याची उत्तरं देता येतात तिला नक्षीचे पैसे द्या. जिला देता येत नाहीत तिच्याकडून चौकटीची साधी वाकळ शिवून घ्या. तीही पंधरा वर्षं उबेला पुरते. फक्त नक्षी खास हवी आणि दर चौकटीचा हवा, हे दोन्ही एका बाईकडे मागू नका.